चिमणीकडे पाठ करून

मी काढलेल्या पहिल्या ‘प्रदूषणाच्या’ फोटोत प्रदूषण नव्हतं. डिसेंबरातली सकाळ होती, भुसावळकडून जाताना दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचे डमरूसारखे मनोरे दिसले. त्यांच्या तोंडातून पांढरेशुभ्र लोट निघत होते आणि अलीकडे केळीची हिरवी बाग. गाडी थांबवून फोटो घेतला आणि खाली ओळ लिहिली, ‘धुराच्या छायेतली केळी’. फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला. मामांनी मात्र घरी बोलावून घेतलं. विजेच्या कामावर ठेकेदाराकडे फिटर म्हणून त्यांची वीसेक वर्षं गेलेली. चष्मा पुसून त्यांनी फोटो जवळ धरला आणि म्हणाले, “अरे भो, धूर नाही हा. हे कूलिंग टॉवर आहे. हतनूरचं पाणी आहे हे, वाफ होऊन चाललंय.”

त्या एका वाक्यानं माझं फोटो काढणं बदललं. कारखान्यांचा परिसर कॅमेऱ्यात पकडणं सोपं आहे, कारण अवाढव्य गोष्टी फोटोत आपोआप भारदस्त दिसतात. त्या कारखान्याचा नदीवर, मातीवर, हवेवर काय परिणाम होतो ते फोटोत आणणं फार अवघड आहे. डोळ्यांत भरतं ते बहुधा निरुपद्रवी असतं, आणि जे अपाय करतं ते दिसत नाही किंवा कंटाळवाणं दिसतं. खान्देशात हे शिकायला भरपूर जागा आहेत: वीज केंद्र, रेल्वेचं यार्ड, जळगावच्या चटया आणि पाइपांचे कारखाने, जिनिंग, डाळ मिल, गिरणेचं पात्र, साक्रीकडच्या पवनचक्क्या.

आधी त्या पांढऱ्या लोटांचं पाहू. कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, ती वाफ टर्बाइन फिरवते. काम झाल्यावर तिचं परत पाणी करायचं असतं, त्यासाठी तिला थंड करावं लागतं. थंड करायला जे दुसरं पाणी वापरतात ते स्वतः तापतं, आणि ते निववण्यासाठी मनोऱ्यात वरून पावसासारखं पाडतात. खालून हवा वर चढते, थोडं पाणी वाफ होऊन तिच्यासोबत जातं, बाकीचं गार होऊन खाली साचतं. खरं तर वाफ दिसतच नाही. बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब होतात, ते आपल्याला ढगासारखे दिसतात. कोळशाचा धूर या मनोऱ्यातून सहसा निघत नाही. तो निघतो शेजारच्या उंच, बारीक चिमणीतून, आणि त्या चिमणीच्या तोंडाशी बऱ्याचदा जवळपास काहीच दिसत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला एक सोपी खूण आहे. वाफेचा लोट थोडं अंतर गेला की कडेपासून विरत जातो आणि अचानक संपतो, कारण थेंब हवेत परत मिसळतात. धुराचा पट्टा संपत नाही. तो पातळ होत जातो, पण दूरवर तसाच लांबत राहतो. दुसरी खूण ऋतूची. डिसेंबरातल्या थंडीत वाफेचे डोंगर उठतात आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, त्याच मनोऱ्यावर जेमतेम एखादी शेपटी दिसते. केंद्र दोन्ही वेळा तितकंच चालू असेल. म्हणून डिसेंबर आणि मेचे फोटो शेजारी ठेवून कोणी ‘बघा, हिवाळ्यात किती प्रदूषण’ असं म्हणालं तर तो फोटो खोटं बोलतो. हिवाळ्यात हवा खरंच जास्त खराब असू शकते, पण त्याचं कारण वेगळं आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्या उबदार थराचं झाकण बसतं आणि खालचा धूर, धूळ, वाहनांचा धूर सगळा खालीच कोंडतो. सकाळी आठला वरणगाव रस्त्यावरून जाताना शेतांवर जो करडा पट्टा आडवा पसरलेला दिसतो, तो फोटो त्या पांढऱ्या ढगापेक्षा कितीतरी खरा असतो. पण त्याला कोणी थांबून पाहत नाही.

गंमत अशी की चिमणीतला गंधकाचा वायू धुऊन काढणारी ओली यंत्रणा जिथे बसवतात, तिथे चिमणीचा धूर ओला होतो आणि पांढरा, ठळक दिसायला लागतो. म्हणजे आधीपेक्षा स्वच्छ झालेली चिमणी फोटोत आधीपेक्षा घाण दिसते. सल्फर डायऑक्साइडला रंग नसतो, तो कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही. नायट्रोजन डायऑक्साइड तांबूस असतो, पण तो दिसायलाही बराच दाट असावा लागतो.

मामांचं वाक्य मात्र मला नंतर पुन्हा आठवत राहिलं. हतनूरचं पाणी. हतनूर म्हणजे तापीवरचं धरण, वीज केंद्राला पाणी तिथून येतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं डिसेंबर २०१५ मध्ये जी मानकं काढली त्यांत जुन्या केंद्रांसाठी पाण्याची कमाल मर्यादा घालून दिली: दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर. आपल्या भाषेत, एका युनिट विजेला साडेतीन लिटर. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांतला एक संच पूर्ण क्षमतेनं एक दिवस चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. मर्यादेइतकं पाणी धरलं तर तेवढ्याला सव्वाचार कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि त्यातलं बरंचसं त्या मनोऱ्यांतूनच वर जातं. म्हणजे माझ्या फोटोत पर्यावरणावरचा परिणाम होता, फक्त मी लिहिलेला नव्हता. तो धुराचा फोटो नव्हता, तो तापीचा फोटो होता. फोटोखालची ओळ बदलली की फोटो बदलतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणूनच ओळ लिहायच्या आधी माहिती हवी.

आता धूळ कॅमेऱ्याला कधी दिसते ते बघू, कारण या कामाची निम्मी विद्या त्यात आहे. जिनिंगच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर आठवा. पत्र्याला भोक असतं, त्यातून उन्हाचा कवडसा आत येतो आणि त्या कवडशात कापसाचे तंतू तरंगताना दिसतात. कवडसा सोडून बाजूला पाहिलं तर हवा स्वच्छ वाटते. तंतू तिथेही असतातच. फरक प्रकाशाच्या दिशेचा आहे. बारीक कणांवर आपटलेला प्रकाश मुख्यतः पुढच्याच दिशेला फाकतो. म्हणून आपण उजेडाकडे तोंड करून उभे असलो की तो प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो आणि धूळ चमकते. सूर्य आपल्या पाठीशी असला तर तीच धूळ जवळजवळ गायब होते. फोटोचे वर्ग घेणारे नवख्याला सांगतात की सूर्य पाठीशी ठेव. धुळीचा फोटो काढायचा तर उलट करायचं, सूर्य एखाद्या खांबाआड किंवा निंबाच्या खोडाआड झाकायचा आणि त्याच्या कडेनं बघायचं. अशा वेळी वीटभट्टीजवळची हवा काय घेऊन वाहते ते दिसतं.

पण हेच हत्यार उलटंही वापरता येतं आणि ते सांगितलं पाहिजे. उन्हाविरुद्ध काढलेल्या फोटोत साधी रस्त्याची धूळही प्रलयासारखी दिसते. म्हणून अशा फोटोसोबत दुसरा, सूर्य पाठीशी ठेवून काढलेला फोटो ठेवणं हा प्रामाणिकपणा आहे. धुराचा काळेपणा नुसत्या डोळ्यांनी मोजण्याची पद्धतही आहे. १८८८ मध्ये मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकानं काळ्या रेघांच्या जाळ्यांचा एक तक्ता केला. शून्य म्हणजे पांढरा, पाच म्हणजे पूर्ण काळा, मधली प्रत्येक पायरी वीस टक्क्यांची. लांबून तक्त्याचा आणि धुराचा करडेपणा ताडून आकडा ठरवायचा. त्या निरीक्षकाला सूर्य पाठीशी ठेवायला सांगतात. म्हणजे कण शोधायचे तर उन्हाकडे तोंड, काळेपणा तोलायचा तर उन्हाकडे पाठ. आपण काय करतोय ते ठरलं नसेल तर दोन्ही फोटो निकामी.

आणि इतकं करूनही सगळ्यात घातक कण दिसत नाहीत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसावा-तिसावा भाग. ते छातीत खोल जातात. एकेक कण कुठल्याही मोबाइलला दिसणार नाही. त्यांचा थर दिसतो, धूसरपणा दिसतो, आणि ते जिथे बसतात ती जागा दिसते. मी एक साधी रीत वापरतो. संध्याकाळी गच्चीवर धुतलेलं स्टीलचं ताट ठेवायचं, सकाळी त्यावर बोटानं एक रेघ ओढायची आणि तारखेच्या वर्तमानपत्रासोबत फोटो घ्यायचा. केळीच्या पानाचंही तसंच, अर्धं पान ओल्या फडक्यानं पुसायचं आणि अर्धं तसंच ठेवायचं. हे मोजमाप नव्हे. धूळ कुठून आली, त्यात काय आहे, ते प्रयोगशाळाच सांगेल. पण ‘आमच्याकडे राख उडते’ असं तोंडानं सांगण्यापेक्षा आठवड्याच्या सात ताटांचे सात फोटो जास्त बोलतात.

राख म्हटली म्हणून तिच्याकडे येतो, कारण माझ्या मते औष्णिक विजेची खरी कथा तिथे आहे. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण जास्त असतं, ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत. एका युनिट विजेला साधारण ६००-७०० ग्रॅम कोळसा लागतो. मघाच्याच ५०० मेगावॅटच्या संचाचा हिशेब केला तर पूर्ण भारावर दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा आणि त्यामागे, राख कोळशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी धरली तर, अडीच ते पावणेतीन हजार टन राख होते. यातली बहुतेक राख धुरासोबत उडते. चिमणीच्या आधी विजेच्या भारावर कण ओढून घेणारी यंत्रणा असते, लोक तिला ईएसपी म्हणतात. ती नीट चालत असेल तर शंभरातले नव्व्याण्णवपेक्षा जास्त भाग कण तिथेच पकडले जातात. मग चिमणी स्वच्छ दिसते. पण पकडलेली राख नाहीशी होत नाही. ती आकाशात गेली नाही म्हणजे जमिनीवर आली. एका बल्करमध्ये, म्हणजे राख वाहणाऱ्या बंद टाकीच्या ट्रकमध्ये, पंचवीस-तीस टन राख मावते असं धरलं तर एका संचाची एका दिवसाची राख म्हणजे शंभराच्या घरात खेपा.

म्हणून मी मुलांना सांगतो, चिमणीचा एक फोटो घ्या आणि मग चिमणीकडे पाठ करा. राख कुठे जाते ते बघा. थोडी सिमेंटला जाते, थोडी विटांना, थोडी रस्त्यांच्या भरावाला. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं केंद्रांना सगळी राख वापरायचं बंधन घातलं आहे, त्यासाठी काही वर्षांची मुदत ठरवून दिली आहे. उरलेली पाण्यात कालवून पाइपांतून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. पावसाळ्यात हा बंधारा लांबून तलावासारखा वाटतो. एप्रिलमध्ये पाणी आटतं, वरचा थर सुकतो, आणि दुपारच्या झळांसोबत वारा सुटला की तो थर उठतो. ओल्या राखेवर तिरपं ऊन पडलं की ती चांदीसारखी चमकते. इतकं सुंदर दिसतं की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो.

ह्या सौंदर्याचं काय करायचं, हा या विषयातला सगळ्यात जुना वाद आहे. कॅनडाचे एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९६ मध्ये सडबरी इथे निकेलच्या खाणीतून निघालेल्या गाळाचे फोटो काढले. काळ्या जमिनीतून केशरी-लाल नदी वाहते आहे, जणू लाव्हा. तो रंग गाळातल्या लोखंडाला चढलेल्या गंजाचा. लोक ती चित्रं दालनांत उभं राहून पाहतात, आधी भुलतात आणि मग काय पाहतोय ते कळलं की चपापतात. काहींना हे पटत नाही, विषाला इतकं देखणं करू नये असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू समजतात. माझा कौल असा की सौंदर्यानं माणूस थांबत असेल तर थांबू दे, पण त्याच फोटोत आकाराचा अंदाज देणारं काहीतरी हवंच. राखेच्या बांधावरून जाणारा शेळ्यांचा कळप, कडेला उभा बल्कर, पलीकडची कपाशी. नाहीतर ते नुसतं चंदेरी चित्र राहतं.

याच्या अगदी उलट टोकाला जर्मनीचे बेर्न्ड आणि हिला बेखर. या नवरा-बायकोनं १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणीचे मनोरे यांचे फोटो घेतले, दरवेळी ढगाळ दिवशी, सपाट उजेडात, समोरून, सारख्याच पद्धतीनं. मग पंधरा टाक्यांचे फोटो एकाशेजारी एक लावले. सावली नाही, नाट्य नाही. त्यामुळेच एका टाकीत आणि दुसरीत काय फरक आहे ते डोळ्यांना दिसायला लागतं. त्यांचा विषय प्रदूषण नव्हता. पण परिणाम दाखवायचा असेल त्यानं ही शिस्त त्यांच्याकडूनच घ्यावी. तुलना करायची असेल तर बाकी सगळं सारखं ठेवा: जागा, उंची, भिंग, वेळ, महिना. मग जे बदललेलं दिसेल ते खरंच बदललेलं असेल.

ही शिस्त मला गिरणेच्या काठी उपयोगी पडली. तिथे आमची आत्या राहते. गिरणा सुरगाण्याकडच्या डोंगरात उगम पावते, चाळीसगाव-भडगाव-जळगावकडून येऊन तापीला मिळते. वाळूचा उपसा तिच्या काठी राहणाऱ्या कुणालाही नवा नाही. पण वाळू काढल्याचा फोटो काय काढणार? रात्री डंपर येतात, सकाळी चाकोऱ्या असतात. एका दिवसाचा फोटो काही सिद्ध करत नाही. आत्याच्या सासऱ्यांनी पुलाचा खांब दाखवला आणि म्हणाले, “आठे पहिले वाळू व्हती, आते दगडं शेतस.” खांबावर पाण्यानं आणि वाळूनं एक जुनी पट्टी उमटली होती. त्या पट्टीखाली सिमेंटचा ताजा, उजळ भाग उघडा पडला होता, आणि त्याखाली पायाची कड. मग मी दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी नऊला, एकाच जागेवरून त्या खांबाचा फोटो घ्यायला लागलो. सोबत खुणा केलेली बांबूची काठी उभी करायची. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी तीन फोटो शेजारी ठेवले तेव्हा कोणी हसलं नाही.

वाळू गेली की नुसता खांब उघडा पडत नाही. वाळू पाणी धरून ठेवते. तिच्या कणांमधल्या पोकळीत पावसाळ्याचं पाणी मुरतं आणि हळूहळू काठच्या विहिरींना मिळतं. पात्र खाली गेलं की विहिरीचं पाणी त्याच्या मागे खाली जातं. म्हणून पुलाच्या फोटोसोबत मी काठच्या विहिरीचाही घेतो. आत वाकून नाही, तो दरवर्षी वेगळाच येतो. काठावरून सोडलेल्या दोरावरची ओली खूण आणि तिच्याशेजारी मोजपट्टी, एवढंच. दिसायला अतिशय नीरस फोटो आहे तो, आणि मला माझ्या सगळ्या फोटोंत तोच जास्त मोलाचा वाटतो.

मागे जायचं असेल तर उपग्रह आहेत. लँडसॅट १९७२ पासून पृथ्वीचे फोटो घेतोय आणि २००८ पासून ते सगळ्यांना फुकट आहेत. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ पासून सुरू झाला, त्याच्या चित्रात दहा मीटरचा एक ठिपका असतो आणि दर काही दिवसांनी नवं चित्र मिळतं. दहा मीटर म्हणजे आपल्या घराच्या अंगणाएवढं. एखादा राखेचा बंधारा किती वाढला, नदीचं पात्र कुठे सरकलं, कुठल्या टेकडीवर पवनचक्कीसाठी रस्ता कोरला गेला, हे घरबसल्या दिसतं. वरून दिसत नाही ती खोली. आपली काठी आणि उपग्रह एकमेकांना पूरक आहेत.

पवनचक्क्यांचा उल्लेख केला तर एक सांगतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प. संध्याकाळी ही पाती इतकी देखणी दिसतात की फोटोत सगळं स्वच्छच वाटतं. इथे राख नाही, धूर नाही, हे खरंच आहे आणि मला त्याचं मोल वाटतं. तरी पठार बदललंच. उतारावरचे रस्ते, पायाचे खड्डे, पूर्वीची कुरणं यांचेही फोटो घ्या, त्याच शिस्तीनं. आवडत्या उद्योगाला सूट आणि नावडत्याला भिंग, असं करणाऱ्याचे फोटो कोणी पुढे विश्वासानं बघत नाही.

मोबाइलबद्दल थोडं. हल्लीचा मोबाइल फोटो घेत नाही, तो फोटो बनवतो. चार-पाच फोटो एकत्र करून आकाश निळं करतो, सावल्या उजळतो. धूसरपणा काढणारं बटण तर आपल्या कामासाठी सर्वांत वाईट, कारण जे दाखवायचंय तेच ते पुसून टाकतं. शक्य असेल तर प्रो मोडमध्ये, मूळ कच्च्या रूपात फोटो घ्यावा. झूमचाही खेळ समजून घ्यावा. दोन किलोमीटरवरून झूम केलं तर चिमणी गावातल्या शाळेला चिकटलेली दिसते. हे भिंगापेक्षा आपण किती लांब उभे आहोत त्यामुळे होतं. म्हणून फोटोसोबत आपली जागा आणि अंतर लिहून ठेवावं.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. पुढे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे काही मांडायचं असेल तर मूळ फाइल लागते. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि मूळ फोटो न छेडता वेगळा ठेवावा. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटांचा ठसाच, त्यात लिहावा लागतो. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी हा ठसा बदलतो.

कुठे काढू नये हेही सांगायला हवं. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. तिथे कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. वीज केंद्राच्या फाटकावर मनाई लिहिलेली असते, ती पाळावी. बहुतेक परिणाम कुंपणाबाहेरच घडतात, तिथे सार्वजनिक रस्ता आहे. ड्रोन उडवायचा तर २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी नकाशात हिरवा-पिवळा-लाल भाग बघावा. जळगावला विमानतळ आहे, हे लक्षात ठेवावं.

आणि माणसं. माणसाशिवाय परिणामाचा फोटो अपुरा राहतो, पण इथे सर्वांत जास्त जपावं लागतं. जपानच्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याचा पारा समुद्रात जात होता, माशांतून तो लोकांच्या शरीरात गेला. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली, कारण सरकारनं मान्य केलं ते १९६८ मध्ये. पारा पाण्यात दिसत नाही, तो दिसला माणसांच्या वाकलेल्या बोटांत. अमेरिकेचे युजीन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी आयलीन १९७१ पासून तीन वर्षं तिथे राहिले. आजारी मुलीला आंघोळ घालणाऱ्या आईचा त्यांचा फोटो जगभर गेला आणि मिनामाता सगळ्यांना कळलं. पण मुलगी वारल्यानंतर आई-वडिलांना वाटलं की तिला आता विश्रांती मिळावी. आयलीन यांनी १९९८ मध्ये त्या फोटोबद्दलचा निर्णय घरच्यांकडे सोपवला, पुढे बरीच वर्षं तो छापू दिला नाही. इतक्या मोठ्या कामाच्या फोटोलाही ‘आता पुरे’ म्हणायचा हक्क त्यातल्या माणसांकडे होता.

आपल्याकडे ठेक्यावर काम करणाऱ्या माणसाचा चेहरा फोटोत आला तर दुसऱ्या दिवशी त्याचं काम जाऊ शकतं. जिनिंगमधल्या बाया कापसाच्या तंतूंमध्ये दिवसभर श्वास घेतात, वर्षानुवर्षं त्या धुळीत राहिलं की छातीला बिसिनोसिस नावाचा आजार होऊ शकतो. मी एका शेडमध्ये एका मावशींना विचारलं, फोटो घेऊ का? त्या म्हणाल्या, “चेहऱ्याचा नको रे दादा. पदराचा घे.” पदर काळपट निळा होता आणि त्यावर रुईचा पांढरा थर. मी कवडशाच्या कडेला उभा राहून पदराचा घेतला.

यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात गिरणेवर गेलो तेव्हा माझी जागा नव्हती. मी ज्या काठावर उभा राहायचो, जिथे दगडाला चुन्याची खूण केली होती, तो काठच कापला गेला होता. दगड खाली पात्रात पडलेला सापडला, खूण वर करून. त्या जागेवरून आता कधीच फोटो घेता येणार नाही. मी पुलाच्या कठड्यावरच्या क्रमांकापासून नवी जागा मोजली, वहीत लिहिली, आणि काठी उभी करायला आत्याच्या नातवाला खाली पाठवलं. तो उतरला, आणि वरून ओरडून विचारलं तेव्हा म्हणाला, काठी पुरत नाही.